भट्टीपुढचे गाल

नणंदेने काचेची इवलीशी बाटली पुढे केली तेव्हा वहिनीचे दोन्ही हात पावाच्या पिठात कोपरापर्यंत बुडालेले होते.

"हे काय गं?"

"हायलुरॉनिक अ‍ॅसिड. चेहऱ्याला लावायचं. वय झालेल्या कातडीला बरं असतं."

"अ‍ॅसिड? सासरी जाता जाता मला जाळून जातेस होय?"

"नाव तसलं आहे गं नुसतं! पाणी धरून ठेवतं ते," असं म्हणत नणंद हसत सुटली आणि औषधांच्या दुकानात कामावर पळालीसुद्धा. कसं लावायचं ते सांगायचं राहून गेलं.

वहिनी मात्र 'वय झालेल्या' या शब्दांपाशीच अडकून पडली.

सासूबाई गेल्या तेव्हा ही पोर एवढीशी होती. स्वतःची वेणी घालता येत नव्हती, बुटाची नाडी बांधता येत नव्हती. वहिनीने एका हाताने भट्टी सांभाळली, दुसऱ्या हाताने पोर. पाव फुगत गेले, पोर वाढत गेली. आता तिचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि तिने बजावून ठेवलं होतं की आईच्या जागी वहिनीनेच उभं राहायचं. मुलाची आई वहिनीने एकदा पाहिली होती. तुकतुकीत बाई, वहिनीच्याच वयाची. तिच्याशेजारी आपण उभ्या राहिलो तर पोरीला लाज वाटेल, म्हणून तर ही बाटली नसेल ना?

वाईट वाटलं, तरी बाटली फेकवली नाही. पोरीची लाज राखायची तर लावायलाच हवं.

भट्टीवाल्या बाईची एक सवय असते. कामाला लागण्याआधी तोंड खरखरीत पंच्याने अगदी कोरडंठाक पुसायचं. ओल्या गालावर पीठ उडालं की त्याची खळ होते आणि आचेपुढे ती गालावरच भाजून निघते. वहिनीने तसंच तोंड पुसलं, थेंब चोळले आणि भट्टीचं दार उघडलं. थोड्या वेळात गाल ताणल्यासारखे वाटायला लागले. तिला वाटलं, चला, सुरकुत्या ओढल्या जाताहेत! दुसऱ्या दिवशी तिने जास्त लावलं. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त.

लग्नाच्या आदल्या दिवशी आरशात पाहिलं, तर गालांची सालं निघालेली, नाकाच्या बाजूला लाली, आणि डोळ्यांखालच्या रेघा कोणी नखाने ओढाव्यात तशा खोल.

"उद्या तुम्हीच जा," ती नवऱ्याला म्हणाली. "भट्टी कोण बघणार?"

"उद्या भट्टी बंद आहे."

"मग माझं डोकं दुखतंय."

"उद्याचं आजच?"

दारात उभ्या नणंदेने हे ऐकलं. दादाला तिने पाव मोजायला बाहेर पिटाळलं आणि वहिनीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"बाई बाई! कसं लावलंस हे?"

वहिनीने सांगितलं. नणंदेने कपाळाला हात लावला.

"अगं वेडाबाई, ते पाण्याला धरतं. ओल्या गालावर लावलं तर ते पाणी धरून बसतं. तू त्याला पाण्याचा टिपूसही दिला नाहीस, वर भट्टीची झळ. मग ते तुझ्याच कातडीतलं पाणी ओढणार आणि तेही उडून जाणार! चूक माझीच, सांगायला थांबले नाही."

"आता राहू दे. हे तोंड घेऊन मी येत नाही. तुझ्या सासरचे काय म्हणतील?"

नणंदेने वाटीत गार पाणी घेतलं, बोटं बुडवून वहिनीचे गाल हलकेच भिजवले. आज सालं निघाली आहेत म्हणून बाटली बाजूलाच ठेवली आणि ओल्या गालांवर साधी मलई थापली. इतक्या वर्षांत वहिनीच्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. कुठे बघावं ते तिला कळेना. तिने डोळे मिटून घेतले.

"एरवी नीट लावलं तर सुरकुत्या जातात?" मिटल्या डोळ्यांनीच तिने विचारलं.

"छे. जरा भरल्यासारख्या दिसतात, तेवढंच."

"मग आणलंस कशाला? म्हातारी झालीस, हे सांगायला?"

"तू हसताना गालाला हात लावतेस. कातडी उलते, दुखते, म्हणून. परवा दादाने रेकल्यासारखं गाणं म्हटलं, आम्ही लोळलो आणि तू ओठ घट्ट दाबून बसलीस. उद्या माझा जीव घाबरला आणि तू हसलीच नाहीस, तर मी कुणाकडे बघू?"

वहिनीने डोळे उघडले. उठून ती परातीत उरलेलं पीठ खरवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने मान खाली घालूनच विचारलं, "मुलीकडून कोण?"

"मी!" भट्टीच्या घरघरीवर ओरडायची सवय असलेला वहिनीचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. कारकून दचकला. नणंदेला हसू फुटलं. सालपटलेले गाल घेऊन वहिनी तुकतुकीत विहीणबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.