निळ्या टबातला चौथा खेकडा

मी एक जुना निळा टब आहे. हसू नका मित्रांनो, माझा जन्म कपडे भिजवण्यासाठीच झाला होता. सात वर्षं बाईंच्या मोरीत इमानेइतबारे साबणाचं पाणी प्यायलो. कड तडकली तेव्हा वाटलं, संपलं आपलं. पण बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी मला घासूनपुसून तिकडे नेलं आणि माझं नशीबच पालटलं.

शाळा समुद्राजवळच. ओहोटीची वेळ साधून मुलं माझ्यात खारं पाणी भरून आणायची. त्यात शेवाळलेले दगड, शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगायी, रिकाम्या शंखात राहून उरलंसुरलं खाणारे खेकडे आणि बोटभर मासा. ओल्या हातानं हळूच स्पर्श करायचा, कोण काय खातं ते बघायचं, वहीत अन्नसाखळीचे बाण काढायचे. मग सगळे मोजून परत समुद्रात. मुख्याध्यापकांनी बजावलंच होतं, "एक जरी जीव दगावला, तर हा टब भंगारात आणि हा उद्योग बंद!"

आणि एकदा मोजणी चुकली. चार खेकडे आणले होते, भरले तीन. चौथ्याचा शंख तळाशी रिकामा.

"या माशानंच गिळला!" पोरं ओरडली. नुकतेच बाण काढले होते ना!

"अरे, त्याचं तोंड केवढं, खेकडा केवढा!" बाई म्हणाल्या आणि एकेक दगड उचलून बघू लागल्या.

मला सगळं ठाऊक होतं हो! वर्गातल्या सगळ्यात बारक्या मुलीनं, चिमणीनं, वाळूत सापडलेला मोठा शंख धुवायला माझ्यात ठेवला होता. खेकड्याला जुनं घर तोकडं पडत होतं. स्वारी लगेच नव्यात शिरली. आणि चिमणीनं शंख उचलून खिशात टाकला! पण टबाला तोंड कुठलं? माझा जीव नुसता टांगणीला लागला.

तेवढ्यात चिमणी किंचाळली, "बाई! माझा खिसा चालतोय!"

बाईंनी शंख अलगद पाण्यात ठेवला. सगळी डोकी माझ्यावर वाकली. हळूच दोन डोळे बाहेर आले. हुश्श! बाई मटकन खालीच बसल्या आणि हसता हसता रडल्या.

खेकड्याला समुद्रात सोडताना चिमणी पुटपुटली, "बाई, माझ्याकडे घरी अजून अकरा शंख आहेत." पुढच्या ओहोटीला ती पिशवी घेऊन आली आणि एकेक शंख खडकांत ठेवून गेली.

मित्रांनो, माझी कड आता आणखी तडकलीय. पण एवढं ऐकाच. किनाऱ्यावरचा शंख आवडला तर खुशाल हातात घ्या, डोळे भरून बघा आणि तिथेच ठेवा. कुणीतरी घर शोधत तिकडूनच येत असेल.