कमरेचा पट्टा

बारामतीच्या कॉलेजात माझ्या पट्ट्याचं कौतुक झालं, तेव्हा मी पार हुरळून गेले होते. कमरेला बांधायचा साधा पट्टा, आत एक छोटं यंत्र. माणूस दहा मिनिटं वाकलेलाच राहिला की पट्टा थरथरायचा. अर्थ एवढाच, की बाई, आता जरा सरळ उभी राहा.

चाचणीसाठी आमच्या वरकुट्याच्या शेतात मिरची तोडणाऱ्या पाच बायका मी परस्पर ठरवून टाकल्या. माझे वडील, आबा, बांधावर उभेच होते. पट्टे बांधताना मी घाईघाईत म्हणाले, "कोण किती वेळ वाकलंय ते मला मोबाईलवर दिसतं. थरथरलं की समजून घ्या." काय समजून घ्यायचं, ते सांगायचं मला सुचलंही नाही. शहाणी ना मी!

आठवडाभर आकडे उलटेच येत होते. पट्टा थरथरला की बायका उभ्या राहायच्या सोडून आणखी वाकत होत्या. मला वाटलं, थरथर जाणवत नसेल. मी ती दुप्पट केली. आबा मात्र खूश होते. "रोज दोन पोती जास्त निघत्यात. लई भारी हाय तुझा पट्टा." ते ऐकून मी फुशारले, याची आज लाज वाटते.

मग त्या पाचजणींतल्या छबूबाई यायच्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या जमिनीवर कुशीवर पडल्या होत्या. मला पाहून उठायला गेल्या आणि कळवळल्या.

"प्रगतीताई, मी आले न्हाय ते मशीनमधी दिसलं व्हय?" त्यांनी भीतभीत विचारलं. "माझा पट्टा लई थरथरायचा बघा. म्हटलं, ताईच्या मोबाईलात आपलंच नाव कामचुकार म्हणून जायचं. मग पाणी प्यायला बी उठले न्हाय मी."

कुठं तोंड लपवू असं झालं मला. "मावशी, तुम्ही उभं राहावं म्हणून थरथरत होतं ते," मी कशीबशी म्हणाले.

छबूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "उभं ऱ्हायचं? मालकाम्होरं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेत गाठलं. उरलेल्या चौघींना नीट समजावलं, थरथरलं की दोन मिनिटं सरळ उभं राहायचं. आबा शेजारीच होते. ते नुसते खाकरले.

बायका कामाला लागल्या. थोड्या वेळानं एकामागून एक चारही पट्टे थरथरले. एकीनंही कंबर सरळ केली नाही. वाकल्या वाकल्या मान तेवढी वर करून चौघींनी आबांकडे पाहिलं.

"आबा, उभं राहू द्या त्यांना," एवढंच मला म्हणायचं होतं. मी तर त्यांची पोटची मुलगी, मला कोण कामावरून काढणार होतं? तरी मी मान खाली घातली आणि मोबाईलमध्ये बघत राहिले.