मादाम रोशासारखं चालणं

एदमोंने आयुष्यभर ट्रॅम चालवली. ट्रॅम चालवणारा माणूस मागे बघत नाही, असं तो अभिमानाने सांगतो. रस्त्यातही त्याचं तसंच. लग्न झाल्यापासून तो माझ्या दोन-तीन पावलं पुढे चालत आला आहे. बाजारातून येताना बटाटे माझ्या हातात, पाव त्याच्या काखेत, आणि समोर त्याची पाठ. त्याच्या तोंडाशी भांडले नसेन इतकी मी त्या पाठीशी भांडले आहे.

गेल्या हिवाळ्यात तो जिन्यावरून घसरला आणि त्याने मनगट मोडून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या कसल्या घेताय? रिदमिकला जा." आमच्या जिनिव्हात म्हाताऱ्यांना हे औषध सर्रास मिळतं. बाई पियानो वाजवते आणि आपण चालायचं. सूर भरभर तर पाऊल भरभर, सूर संथ तर पाऊल लांब, सूर थांबला की जागच्या जागी उभं राहायचं. लहान मुलांना शिकवतात तेच. त्याने तोल सुधारतो.

एदमों कुरकुरत गेला आणि शीळ घालत परत आला. शीळ! माझ्या घरात!

"कसं होतं?" मी विचारलं.

"बरं होतं."

"कोण कोण होतं?"

"माणसं होती."

मग एका संध्याकाळी सूप पिता पिता तो आपणहून म्हणाला, "मादाम रोशा म्हणते, माझ्यात उपजत ताल आहे."

माझा चमचा हातातच राहिला. "ही मादाम रोशा कोण?"

"असते एक. चेंडूच्या खेळाला माझ्या जोडीला."

दुसऱ्याच दिवशी मी वर्गात नाव घातलं. माझेही गुडघे दुखतात, म्हटलं.

वर्ग चर्चच्या मागच्या दालनात भरतो. जुनी लाकडी जमीन आहे, सगळे मोज्यांवर चालतात. शिकवणारी नोएमी आमच्या नातीच्या वयाची, पण आवाज हवालदाराचा. आणि मादाम रोशा? विधवा. शेलाटी, पांढऱ्या केसांची सैल वेणी, गळ्यात निळा रुमाल. चालते अशी की जणू पावलाखालच्या फळीला विचारून मग वजन टाकते. आधी चवडा, मग टाच, आणि वळताना एक इवलासा थांबा.

पियानो सुरू झाला. प्रत्येक पहिल्या ठोक्याला चेंडू जोडीदाराच्या हातात द्यायचा. घरी या माणसाच्या हातून कप सुटतात, बशा फुटतात. इथे चेंडू बरोबर ठोक्यावर मादाम रोशाच्या ओंजळीत! आणि ती बघतही नव्हती, नुसता हात पुढे करत होती. त्याहून वाईट म्हणजे तो तिच्या शेजारून चालत होता. शेजारून! पावलाला पाऊल लावून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी माझ्या नवऱ्याबरोबर चालते," मी नोएमीला म्हणाले.

"नाही, मादाम ज्युनो. नवरा-बायकोची जोडी मी कधीच लावत नाही. ते एकमेकांचं ऐकत नाहीत, सवयीने चालतात."

सगळे हसले. एदमों सर्वांत मोठ्याने. माझ्या वाट्याला मस्य बोसी नावाचे गृहस्थ आले, ज्यांना पेपरमिंटचा वास येतो आणि पहिला ठोका कधीच सापडत नाही.

त्यानंतर मी वर्गात पियानो कमी आणि मादाम रोशाचे पाय जास्त ऐकले. घरी सूपसाठी लीकची पात चिरता चिरता ओट्यापासून खिडकीपर्यंत तिच्यासारखी चालून बघायचे. चवडा, टाच, वळताना थांबा. त्यात एवढं काय आहे ते मला समजून घ्यायचं होतं. येऊ लागलं तसा राग वाढत गेला, कारण ते खरंच छान होतं.

"काय करतेयस?" एदमों बाहेरच्या खोलीतून ओरडायचा.

"स्वयंपाक!"

मग तो मंगळवार आला. नोएमीने अर्ध्या लोकांना खुर्च्यांवर पाठमोरं बसवलं, डोळे मिटायला लावले. उरलेल्यांपैकी ती ज्याच्या खांद्याला हात लावेल त्याने दालनाच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. पियानो बंद. बसलेल्यांनी फक्त पावलं ऐकायची आणि कोण ते सांगायचं. एदमों बसलेल्यांत होता. त्याचं एकही उत्तर बरोबर येईना. मस्य बोसींना तो एक बाई समजला.

आणि नोएमीने माझ्या खांद्याला हात लावला.

शेजारीच मादाम रोशा उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, तिच्यासारखी चालते. बघू तरी हा तिचं नाव कसं घेतो. घेताना हसला, तर आज घरी सूप नाही आणि बोलणंही नाही.

चवडा, टाच. चवडा, टाच. वळताना इवलासा थांबा. इतकं चांगलं मी ओट्यापाशीही चालले नव्हते.

"मादाम रोशा!" खुर्च्यांवरून एकसाथ आवाज आला.

त्यात एदमोंचा आवाज नव्हता.

"तुमचं काय, मस्य ज्युनो?" नोएमीने विचारलं.

"जोसियान आहे ती."

"छे!" शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं.

"जोसियानच. मादाम रोशासारखं चालायला बघतेय. का, ते तिलाच विचारा."

माझे कान तापले. जमीन दुभंगावी असं वाटलं, पण चर्चची जमीन पक्की होती.

"पण ओळखलंत कसं?" नोएमी म्हणाली. "मी डोळ्यांनी बघूनही फसले असते."

एदमोंचे डोळे अजून मिटलेलेच होते. "तिचा डावा पाय जरा उशिरा टेकतो. मुलगी झाली तेव्हापासून. काहीही सोंग केलं तरी तो उशिराच टेकणार. एवढी वर्षं तो आवाज माझ्या पाठीमागे आहे. तो थांबला की मी थांबतो. ट्रॅममध्ये शेवटचा माणूस चढल्याचं असंच कळायचं."

माझा डावा पाय उशिरा टेकतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

बूट घालताना मादाम रोशा माझ्या शेजारी येऊन बसली. मी टोमण्याची वाट बघत होते.

"वळताना मी थांबते?" तिने हळूच विचारलं.

"थांबता. जरासं."

"आमच्या घरात तिथे ह्यांची खुर्ची असायची." तिने रुमाल सारखा केला. "ते गेल्यापासून माझ्याकडे इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं, मादाम ज्युनो." आणि पाठमोऱ्या एदमोंकडे तिने असं पाहिलं, की आज पोटात दुखायची पाळी तिची होती. मला वाईट वाटलं. थोडंसं बरंही वाटलं, ते कशाला लपवू?

बाहेर उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता. एदमों कॉलर वर करून चालू लागला, नेहमीसारखा दोन-तीन पावलं पुढे. मी त्या पाठीकडे पाहिलं आणि पुलाच्या तोंडाशी आवाज न करता थांबले.

तो थांबला. मागे वळला नाही.

"लेस सुटली का?" त्याने समोर बघतच विचारलं.

"हो," मी म्हणाले.

माझ्या बुटांना लेस नाहीत, चेन आहे. वारा कानात शिरत होता, त्याची टोपीही घरी राहिली होती. तरी मी त्याला चांगला बराच वेळ तसाच उभा ठेवला.