सही केलेल्या चिठ्ठ्या

आमच्या गावच्या दवाखान्यात दोन दारं समोरासमोर आहेत. एक ओदिलचं, ती लहान मुलांची डॉक्टर. दुसरं माझं, एर्व्हेचं. मी ऑस्टिओपॅथ, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू मोकळे करणारा. मधे एकच बाकडं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या मानेला किंवा डोक्याला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी हात लावायचा नाही, असा आमच्याकडे कायदाच आहे. 'तपासलं, हरकत नाही' एवढंच त्या चिठ्ठीत असतं.

बरेच डॉक्टर आम्हाला खिजगणतीत धरत नाहीत. ओदिल धरायची. अकरा वर्षं आम्ही दुपारी कुट्टूच्या पिठाची घावनं एकत्र खाल्ली आणि एकेका बाळावरून तावातावाने भांडलो.

पुढे तिच्याकडे तीन-तीन आठवडे नंबर लागेना. मग एके दिवशी तिने चिठ्ठ्यांचं अख्खं पॅड सह्या करून माझ्या टेबलावर टाकलं. नावाची जागा कोरी.

"अगं, हे काय?"

"नाव तूच घाल. तुझ्या बोटांना कळतं ते मला नळी लावूनही कळत नाही."

"लोणी लावतेस होय?"

"ब्रेतान्यची पोर आहे मी, लोण्याच्या मुलखातली. लोणीच लावणार!"

मी फुशारलो. त्याचीच आज लाज वाटते.

सोलेन तिच्या एवेनला घेऊन आली तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. मान सारखी उजवीकडे कललेली. अशी बाळं मी शेकड्यांनी पाहिली होती. पॅडमधून चिठ्ठी फाडली, त्याचं नाव घातलं, तिला दिली. तिने ती बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत नीट घालून ठेवली.

दुसऱ्या खेपेला त्याच्या टाळूवर बोट ठेवलं तर ती भरलेली लागली. एवेन रडत होता, आणि रडताना टाळू फुगतेच. तरी बोट घुटमळलं. ओदिलचं दार दहा पावलांवर होतं. मी पुस्तिका उघडून चिठ्ठी पाहिली. 'तपासलं, हरकत नाही.' खाली ओदिलची सही. माझा जीव भांड्यात पडला. त्यावरचं नाव मीच घातलंय, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही.

तीन आठवड्यांनी सोलेन म्हणाली, "हल्ली सकाळी उठल्या उठल्या ओकतो हो हा." मी एवेनला उचललं आणि थेट ओदिलच्या खोलीत शिरलो. तिने टेपने डोक्याचा घेर मोजला. पुन्हा मोजला. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

मेंदूत गाठ होती. तीन आठवडे आधी आणलं असतं तर, असं मी शहरातल्या सर्जनला विचारलं. "कदाचित," एवढंच तो म्हणाला. त्या एका शब्दाने मला आतून पोखरलं. एवेन सहा महिन्यांचा व्हायच्या आतच गेला.

दफनाहून परतताना गाडीत ओदिलने विचारलं, "सोलेनला सांगायचं?"

"सांगायलाच हवं."

"मग तू बोल. माझ्या तोंडून नाही फुटायचं."

पंधरा दिवसांनी, ओदिल माझ्याच खोलीत असताना, सोलेनच आली, घरी केलेला लोण्याचा केक घेऊन. "तुम्ही दोघांनी त्याला फार जपलंत," ती म्हणाली. "एकीची डॉक्टरकी, एकाचे हात. इतकं कुठल्या बाळाला मिळतं?"

मला रडू फुटलं. तसंच सगळं सांगितलं, पॅड, टाळू, काही न लपवता. तिने पिशवीतून पुस्तिका काढून ती चिठ्ठी शोधली.

"नाव तुमच्या अक्षरात."

"हो."

"सही हिची."

ओदिलने मान खाली घातली.

"म्हणजे हिला वाटलं तुम्ही बघाल. तुम्हाला वाटलं हिने बघितलं." तिने चिठ्ठीवरच्या नावावर बोट ठेवलं. "माझ्या एवेनला बघितलंच नाही कुणी."

तिने केक पुन्हा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा घेऊन बाहेर गेली. बरं केलं. आम्ही कुठल्या तोंडाने खाल्ला असता?

बाकड्यावर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. सोलेन तिच्यापाशी थांबली. दार उघडंच होतं, आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"बाई, यांच्याकडून चिठ्ठी घेऊ नका," ती म्हणाली. "बाळाचे कपडे काढा आणि म्हणा, बघा."