लॅम्किनच्या आरशासमोर

ईस्टर जवळ आला की दर शनिवारी हार्लन्सबरोच्या काळ्या वस्तीत झेल्मा टिब्सच्या घरापुढे बायकांची रीघ लागायची. पुढच्या खोलीत तिचं केसांचं दुकान होतं. शेगडीवर कुरळे केस सरळ करायचे लोखंडी कंगवे तापायचे, केसांच्या मलमाचा धूर निघायचा. "कान धर," असं झेल्मा म्हणाली की खुर्चीतली बाई आपला कान आपणच मुडपून धरायची. तरी भाजलाच तर दोष कानाचा, असं झेल्माचं म्हणणं. कुणाचा नवरा कुठे दिसला, कुणाच्या सुनेनं मक्याचा पाव करपवला, सगळ्या जॉर्जिया राज्याची खबर त्या एका खोलीत मिळायची. ते शनिवार गेले, तो वासही गेला.

केस झाले की दुसरं काम निघायचं. बायका पिशवीतून नव्या हॅटी काढायच्या आणि झेल्मा त्या आतून दुरुस्त करून द्यायची. कारण गावातल्या गोऱ्या लॅम्किनच्या दुकानात काळ्या बाईला हॅट डोक्यावर घालून बघायची सोय नव्हती. केसांचं तेल लागतं, मग गोऱ्या बायका ती हॅट घेत नाहीत, असं लॅम्किन सांगायचा. आपण लांबून बघायचं, बोट दाखवायचं, पैसे मोजायचे आणि घर गाठायचं. घरी आल्यावर ती हॅट भुवयांपर्यंत उतरायची, नाहीतर टाळूवर चिमणीसारखी बसायची. झेल्मा आत जाड कापडाची पट्टी शिवायची, रबर लावायची. रविवारी चर्चमध्ये ज्या हॅटी एवढ्या दिमाखात मिरवायच्या, त्यातल्या निम्म्या तिच्या टाक्यांवर उभ्या असत. यात भांडण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नाही. पाऊस पडला की छत्री उघडावी, तसं हे.

तिच्या लेकीला मात्र वाटलं. व्हर्डेल एकोणीस वर्षांची. ईस्टरच्या आधी आईनं तिला दोरा आणायला लॅम्किनकडे पाठवलं. पोरीनं दोरा घेतला, आणि जाता जाता गवती रंगाची एक हॅट उचलून डोक्यावर ठेवली आणि आरशासमोर उभी राहिली.

"काढ ती," दुकानातली बाई म्हणाली.

"बघतेय. आवडली तर घेईन."

"काढ म्हटलं ना!"

"अहो, त्या मघाच्या गोऱ्या बाईंनी तीन घातल्या आणि एकही न घेता गेल्या. त्यांना नाही म्हणालात काढा?"

पोलीस आला तेव्हाही ती आरशातच बघत होती. संध्याकाळी वस्तीतल्या चर्चचे पाद्री हॅगूडसाहेब यांनी जामीन देऊन तिला घरी आणलं.

पुढचे काही दिवस वस्तीत व्हर्डेलशिवाय दुसरा विषय नव्हता. "कशी दिसत होती गं तुला?" बायका विचारायच्या. "झकास, मावशी! म्हणून तर पोलीस बोलावला," ती म्हणायची, आणि कंगवा हातात असताना झेल्मालाही हसू आवरायचं नाही. रविवारी पाद्रीसाहेबांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की हा खटला आता सगळ्या गावाचा आहे, अटलांटाहून वकील येणार आहेत. लोकांनी "आमेन" म्हणून छत दणाणून सोडलं. झेल्मा भीतीनं अर्धमेली झाली होती. पण त्या रात्री तिनं झोपलेल्या लेकीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. हिच्यात हे कुठून आलं असेल?

मग एका गुरुवारी पाद्रीसाहेब आणि प्युरिफॉय घरी आले. प्युरिफॉयचा अंत्यविधीचा धंदा, शिवाय खटल्यासाठी चर्चनं नेमलेल्या समितीचा तो खजिनदार. दोघं केस धुवायच्या खुर्च्यांवर टोप्या गुडघ्यांवर ठेवून बसले.

"वकीलसाहेबांनी थोडी चौकशी केली, सिस्टर टिब्स," पाद्रीसाहेब म्हणाले.

तेवढ्यात व्हर्डेलचा लॉनी रांगत रांगत आला आणि पाद्रीसाहेबांची विजार धरून उभा राहिला.

"हेच बघा," प्युरिफॉय म्हणाला. "याचा बाप कुठाय?"

"डेट्रॉइटला गेला. आला नाही परत."

"लग्न?"

झेल्मानं लॉनीला उचलून कडेवर घेतलं.

"कोर्टात पहिला प्रश्न हाच येणार. दुसऱ्या दिवशी गोऱ्यांच्या पेपरात तेच छापून येणार."

"तिनं डोक्यावर हॅट घातली होती, ब्रदर प्युरिफॉय. पोर नव्हतं घातलं."

पाद्रीसाहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात जिरवलं. मग ते समजुतीच्या सुरात सांगू लागले. ब्रॉडनॅक्सबाई तयार आहेत. काळ्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची बायको, स्वतः शिक्षिका, कॉलेज शिकलेली, रंगानं उजळ, उन्हाळ्यातसुद्धा हातमोजे घालणारी. ईस्टर झाला की त्या जातील आणि त्याच आरशासमोर उभ्या राहतील. त्यांच्यावर कोण काय चिखल उडवणार? पण व्हर्डेलचा खटला आधी चालला आणि हरला तर पुढचाही बुडेल. म्हणून व्हर्डेलनं कोर्टात चूक कबूल करून माफी मागावी. समज देऊन सोडतील, तेवढं बोलणं झालेलं आहे.

"लढाई तीच राहील, सिस्टर. फक्त नाव दुसरं असेल."

"मी रविवारी सभेत बोलते. लोकांना विचारते," झेल्मा म्हणाली.

"व्यासपीठावरून बायका बोलत नाहीत," प्युरिफॉय म्हणाला.

"मग खालून बोलेन."

"खालून भजन म्हणा ना. आवाज चांगला आहे तुमचा."

पाद्रीसाहेबांनी त्याच्याकडे रागानं बघितलं, पण टोपी उचलून उठले. झेल्मानं मनाशी विचार केला. वकील यांचा, जामीन यांचा, खुर्चीत बसणाऱ्या बायका यांच्याच घरच्या. हे उठून गेले तर लेक एकटी उभी राहणार, तीही गोऱ्या न्यायाधीशापुढे. दोघांना दारापर्यंत पोचवायला गेली तेव्हा ती "बघते" म्हणाली, आणि त्या "बघते"चा अर्थ तिघांनाही कळला.

व्हर्डेल मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होती. आईनं सगळं सांगितलं. तिनं दोरीवरचा चिमटा काढला, परत लावला.

"तुझं काय म्हणणं, आई?"

"मी म्हणते, म्हणून टाक. शब्दच आहेत गं."

"आणि ब्रॉडनॅक्सबाईंच्या डोक्याला तेल लागत नाही वाटतं?"

"दर पंधरवड्याला मीच करते की त्यांचे केस. तुझ्यापेक्षा जास्त मलम खातात."

दोघी खळखळून हसल्या. हसता हसता व्हर्डेल थांबली. "तू म्हणतेस म्हणून म्हणेन," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं म्हणून नाही."

झेल्माला वाटलं, नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

कोर्टात काळ्यांची बाकं मागे, भिंतीला लागून. व्हर्डेल निळा झगा घालून उभी राहिली. "चूक झाली," ती म्हणाली.

"मोठ्यानं," न्यायाधीश म्हणाले.

"चूक झाली, साहेब."

"मला काय सांगतेस, पोरी? लॅम्किनसाहेबांना सांग."

ती वळली. लॅम्किन पुढच्या बाकावर पाय पसरून बसला होता. तिनं त्याच्याकडे बघून तेच शब्द उच्चारले, आणि त्यानं मान हलवली, जशी पावणेदोन डॉलरची वस्तू परत घेताना हलवावी. मग न्यायाधीशांनी चष्म्यावरून मागे पाहिलं.

"झेल्मा, पोरीला जरा वळण लाव."

चर्चमध्ये तिला सगळे सिस्टर टिब्स म्हणायचे. या माणसाला तिनं जन्मात कधी जेवायला वाढलं नव्हतं की त्याचं घर झाडलं नव्हतं. तरी त्याच्या तोंडी तिचं नाव असं सहज, एकेरी आलं. आणि ती उठून म्हणाली, "होय, साहेब."

ईस्टर पार पडला. त्यानंतरच्या मंगळवारी ब्रॉडनॅक्सबाई आल्या, त्या मागच्या दारानं. केस करायचे नव्हते. हातमोजे काढून त्या एकमेकांवर ठेवत, परत उचलत उभ्या राहिल्या.

"यांना शाळामंडळानं बोलावलं होतं. कुणीतरी आधीच सांगितलंय, झेल्मा. म्हणाले, तुमची बायको लॅम्किनकडे गेली तर सप्टेंबरपासून दोघांनीही शाळेत यायचं कारण नाही." त्यांचे डोळे भरून आले. "माझी हिंमत नाही गं. यांची आई अंथरुणावर, दोन मुलं कॉलेजात. मला नाही जमत."

झेल्माला त्यांच्यावर चिडायचं होतं. ते जमेना. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाई गेल्या तशी ॲप्रनसकट पाद्रीसाहेबांचं घर गाठलं.

"मग वकिलांना बोलवा. व्हर्डेल आहे ना."

पाद्रीसाहेब पायरीवर बसलेले होते. चार दिवसांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. "तिनं कबूल केलंय, सिस्टर. सगळ्यांसमोर. तो खटला आता उघडत नाही."

"तुम्हीच सांगितलंत कबूल कर म्हणून."

"हो."

"मग ती परत जाईल. परत घालेल हॅट."

"एकदा समज मिळालेली मुलगी आहे ती. आता सरळ तुरुंगात, कैद्यांबरोबर शेतावर राबायला. लॉनीला कोण बघणार? आणि वकील म्हणतात, अशा मुलीचा खटला ते हातात घेणार नाहीत. समिती म्हणते, पुढच्या वर्षी दुसरी कुणी मिळाली तर बघू." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आम्ही चांगल्यासाठीच केलं होतं."

ते खरं होतं. वाईट माणूस असता तर तोंडावर थुंकता तरी आलं असतं.

ती घरी आली. व्हर्डेल स्वयंपाकघरात लॉनीला मांडीवर घेऊन बसली होती. आईचा चेहरा बघून तिनं काय ते ओळखलं. तरी झेल्मानं एकेक करून सगळं सांगितलं. शाळामंडळ, वकील, पुढचं वर्ष.

व्हर्डेलनं ऐकून घेतलं. रडली नाही. लॉनीच्या हनुवटीवरचं ओघळलेलं तिनं बोटानं पुसलं.

"मग मी चूक झाली म्हणाले," तिनं विचारलं, "ते कुणासाठी, आई?"

झेल्मानं शेगडीवरचं पातेलं उतरवलं. कोलार्डच्या पाल्याची भाजी वाढली, मक्याच्या पावाचा तुकडा ठेवला, ताट लेकीपुढे सरकवलं. सरकवताना तिचा हात ताटाच्या काठावरच राहिला.

"जेवून घे," ती म्हणाली. "निवतंय."