डबीतले पेन ड्राइव्ह

यशोधराच्या डबीत चार पेन ड्राइव्ह होते आणि चारांपैकी एकावरही तिचा भरवसा नव्हता. डबी स्टीलची, बेडसे गावातल्या घरी आई तिच्यात लवंगा ठेवायची. प्रत्येक ड्राइव्हला तिनं नंबराची चिठ्ठी चिकटवली होती, आणि चार नंबरच्या चिठ्ठीवर आणखी एक शब्द लिहिला होता: कामशेत.

कामशेतला दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या हातून एक झेरॉक्सचा कॉपियर मेला होता. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या डोक्यातला मूळ प्रोग्रॅम, बदलायला ती गेली होती. साठ टक्के काम झालं आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘ड्राइव्ह सापडला नाही’. त्यानंतर ते यंत्र जागं झालं नाही. सर्व्हिसचा मुख्य गौरव सगळ्यांसमोर म्हणाला होता, “पेन ड्राइव्ह निवडताना डोकं वापरायचं असतं. अजून एक बोर्ड घालवलास तर कायम होण्याचं विसर.” तिचे उमेदवारीचे सहा महिने या महिनाअखेर संपत होते. तेव्हापासून लोक स्थळ पारखतात तसे ती पेन ड्राइव्ह पारखत होती. बत्तीस जीबीच्या आतला हवा, फॉरमॅट बरोबर हवा, पासवर्ड नको आणि आत दुसरं काही नको.

त्या घटनेला आज पाचवा दिवस, आणि समोर लोणावळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजातला तसलाच कॉपियर. दहा-बारा कागद काढले की अडून बसायचा. कंपनी म्हणत होती, फर्मवेअर बदला, चालेल.

“एक वाजता मेलवर प्रश्नपत्रिका येणार, दोनला परीक्षा,” कार्यालय अधीक्षक ज्योत्स्ना मॅडम उभ्या उभ्याच सांगत होत्या. “एकशे ऐंशी मुली आहेत. पेपर गोपनीय आहे, बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे नेता यायचा नाही.”

तेव्हा अकराला पाच कमी होते.

एक नंबरचा ड्राइव्ह लावला. ‘ड्राइव्ह सापडला नाही.’ दोन नंबरचा पडद्यावर दिसला, तिनं श्वास सोडला, आणि तो गेला. तीनचंही तेच. चार नंबरचा तर तिनं हातात घेऊन परत ठेवला, मग पुन्हा घेतला आणि लावून पाहिला. तोही दिसला नाही. तिनं चारही ड्राइव्ह कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर नेऊन साफ केले, फाइल नव्यानं भरली. तिथं चौघेही शहाण्यासारखे उघडत होते. खरं तर इथंच कुणाच्याही मनात यंत्राबद्दल शंका आली असती. पण चारचौघांत बोलणी खाल्लेलं माणूस आधी स्वतःवर संशय घेतं. यशोधराला वाटलं, आपल्याला साधा पेन ड्राइव्हसुद्धा निवडता येत नाही.

“आबा,” ती दारातल्या शिपायाला म्हणाली, “एखादा कोरा पेन ड्राइव्ह मिळेल का हो कुठं?”

हौशीराम आबा टाकवे बुद्रुकचे. तीस वर्षं रोज तिथून येऊन-जाऊन नोकरी केलेली, आता निवृत्तीला तीन महिने उरलेले. ते टोपी सावरत निघाले. आता येतील, मग येतील म्हणता पंचवीस मिनिटांनी धापा टाकत आले आणि त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं. एकशे अठ्ठावीस जीबी.

“हे कशाला आणलंत आबा?”

“कोरा म्हनलात न्हवं? एकदम कोरा हाय. पाकीट बी फोडलं न्हाई.”

ती रिकामा म्हणत होती, आबांनी नवा ऐकला होता. आता कोऱ्या कपड्याला आणि कोऱ्या कागदाला आपण एकच शब्द वापरतो, त्यात आबांचा काय दोष? पण एवढा मोठा ड्राइव्ह या यंत्राच्या पचनी पडणारा नव्हता. बारा वाजून गेले होते.

तिचा चेहरा बघून आबांनी गाडीच्या किल्लीला लावलेला एक झिजलेला पेन ड्राइव्ह सोडवला. आठ जीबी. “ह्यात माजी गानी हायेत. पुसा आन् घ्या.”

“आबा, सगळी जातील.”

“गानी परत भरता येत्यात. पोरींचा पेपर काय परत व्हनार हाय?”

तिनं गाणी पुसली, फाइल भरली, ड्राइव्ह लावला. पडद्यावर तो दिसला. आणि गेला.

आबा यंत्राकडं रागानं बघत पुटपुटले, “दसऱ्याला एवडी पूजा केली ह्याची. झेंडूची माळ घातली, हळदकुकू, अक्षता. ह्या खाचंवरच टिळा लावला, म्हनलं तोंड हितंच असंल ह्याचं.”

यशोधराचा हात जागीच थांबला.

तिच्या घरी दसऱ्याला यंत्रा-हत्यारांची पूजा नसते. त्या दिवशी सगळं घर पांढरे कपडे घालून विहारात जातं. पेन ड्राइव्ह लावायच्या खाचेत कुणी हळद भरली असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. तिनं मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. आत सगळं पिवळं होतं.

तिनं यंत्र बंद केलं. बारीक ब्रश फिरवला, फुंकणीनं हवा मारली, लाकडी काडीनं हलक्या हातानं कोरलं. हळदीची वाळलेली पापडी निघाली आणि तिच्यामागून कुंकवानं लाल झालेला इंद्रायणी तांदळाचा एक आखूड दाणा. आबा तो दाणा बघत राहिले.

“म्हंजी हे माज्यामुळं?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

यंत्र चालू करून तिनं आबांचा ड्राइव्ह लावला. तो दिसला आणि दिसतच राहिला. घड्याळात बारा पंचवीस झाले होते.

“आता नको,” ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. “दहा-दहा करून काढू आम्ही. अर्ध्यात बंद पडलं तर मी काय करू?”

त्यांचं चुकत नव्हतं. पण दहा-दहानं ते यंत्र पेपराच्या ऐन वेळी कुठं रुसेल याचा नेम नव्हता. ड्राइव्ह लावायची खाच साफ होती, की नुसती साफ दिसत होती? काम वीस मिनिटांचं, आणि एकदा सुरू केलं की मागं फिरायची सोय नाही. तिनं आबांचा ड्राइव्ह बोटानं दोन्ही बाजूंना हलवून पाहिला. तो पडद्यावरून हलला नाही.

“करते मी,” ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

वीस टक्के. चाळीस. ज्योत्स्ना मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आबा इन्व्हर्टरपाशी, जणू वीज गेलीच तर ते हातानं धरून ठेवणार होते. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.

साठवर आकडा थांबला.

ती मनातल्या मनात आकडे मोजू लागली. तीसपर्यंत मोजले, चाळीसपर्यंत मोजले. कामशेतलाही ती अशीच उभी होती. ड्राइव्हला हात लावायचा नाही, असं तिनं स्वतःलाच बजावलं आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

एकसष्ट.

पाऊण वाजता यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. तिनं पन्नास कोरे कागद एका दमात काढून बघितले. एकदाही अडलं नाही. एकला प्रश्नपत्रिका आली आणि दीडच्या आत सगळे गठ्ठे वर्गांकडं गेले.

मग तिनं सर्व्हिसचा कागद काढला. त्यात एक रकाना होता: बिघाडाचं कारण.

“तिथं पेन ड्राइव्ह बदलला एवढंच लिहा ना,” ज्योत्स्ना मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “कॉलेजच्या नावावर हळदकुंकू कशाला?”

यशोधरा पेन धरून बसली. पेन ड्राइव्ह लिहावं तर गौरवच्या लेखी तिचा हा दुसरा गुन्हा. खरं लिहावं तर तीन महिन्यांवर निवृत्ती आलेल्या माणसाच्या अंगाशी येणार. ज्यानं आपली गाणी पुसायला दिली, त्याच्याच.

“लिव्हा ताई,” आबाच म्हणाले. “देवाचं करून मी लपवू कशाला? पूजा मीच केली, आन् मॅडमनी तबक धरलं हुतं.”

मॅडमनी आबांकडं बघितलं. मग कागद यशोधराकडं सरकवला. यशोधरानं लिहिलं, ‘खाचेत हळद, कुंकू व तांदळाचा एक दाणा.’ नाव कुणाचंच लिहिलं नाही. मॅडमनी खाली सही केली.

“पुढच्या दसऱ्याला टिळा झाकणावर लावायला सांगा हं नव्या शिपायाला,” ती आबांना म्हणाली. आबा हसले, पण डोळे पुसत.

पांढऱ्या कागदावर तो लाल दाणा ठेवून तिनं फोटो काढला आणि गौरवला पाठवला. खाली एक ओळ लिहिली: ‘कामशेतच्या मशीनलाही झेंडूची माळ होती. ड्राइव्ह लावताना मीच ती बाजूला केली होती.’ मग दाणा डबीत टाकून डबी बंद केली.

उत्तराची वाट बघत ती एसटी स्टँडवर जाऊन बसली. चहा घेतला, तो गार झाला. साडेतीनला फोन वाजला.

“कामशेतचं मशीन इथंच पडलंय वर्कशॉपमध्ये,” गौरव म्हणाला. “आत्ता बघितलं टॉर्च लावून.” एरवी दहा माणसांत चढणारा त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता.

यशोधरानं विचारलं, “किती दाणे?”

“दोन,” तो म्हणाला.

तिनं डबी उघडली आणि चार नंबरच्या ड्राइव्हवरची चिठ्ठी नखानं सोलून काढली.