खिडकीजवळच्या खुर्चीतला शोध

सोळा दिवस मी माझ्या डाव्या हातावर एक शोध लावत होतो, आणि त्या शोधावर माझ्याइतका खूश माणूस आमच्या इमारतीत दुसरा नव्हता.

मी क्रीम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत रसायनतज्ज्ञ आहे. म्हणजे भांडीही मीच धुतो. आमच्या मॅडमना उन्हापासून वाचवणारं क्रीम हवं होतं, तेही निव्वळ वनस्पतींचं. जस्ताची पांढरी पूड नको, तिनं चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो. मी गाजराच्या बियांचं तेल, रास्पबेरीच्या बियांचं तेल आणि ग्रीन टीचा अर्क एकत्र घोटला. या सगळ्यांत ऊन थोडंफार शोषणारे घटक असतात, असं मी वाचलं होतं. त्यातलं 'थोडंफार' माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

खरी चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हायची होती. त्याआधी मी हातावर दोन चौकोन आखले. एकाला क्रीम लावायचं, दुसरा कोरा ठेवायचा. रोज दुपारी दोन तास खिडकीजवळच्या खुर्चीत उन्हात हात धरून बसायचो. काच बंद, कारण उघडली की धूळ येऊन क्रीमला चिकटायची. सोळा दिवसांत क्रीमचा चौकोन लाल झाला नाही. कोराही झाला नाही. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी वहीत लिहिलं, 'क्रीमचा गुण शेजारच्या त्वचेतही पसरतो.' खाली दोन रेघाही मारल्या.

माझी ताई जमिनीची मोजणी करते. तिपाईवर यंत्र लावून दिवसभर उघड्यावर उभी असते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या नाकावरचा एक डाग काढला. तो वाईट निघाला होता. या नाकाला पुन्हा ऊन लागता कामा नये, असं त्यांनी बजावलं होतं. त्यांनी दिलेलं जाड पांढरं क्रीम ती न चुकता लावायची.

"ते बंद कर आता," मी छाती फुगवून म्हणालो. "घरात भाऊ कशाला आहे?"

तिनं ते कपाटात ठेवलं आणि माझी डबी घेतली. मग रोज संध्याकाळी ती आली, की मी दारातच विचारायचो, "कसं वाटलं?"

"छान आहे. मऊ आहे," ती म्हणायची आणि घाईनं तोंड धुवायला जायची.

नवव्या दिवशी ती दुपारीच माझ्या कामाच्या जागी आली. नाक लालभडक झालं होतं, कातडी सुटली होती.

"तू दुसरं काहीतरी लावलं असशील," मी म्हणालो. माझ्या तोंडून आधी हेच निघालं, ते आता लपवून काय उपयोग.

ताई माझ्या चाचणीच्या खुर्चीत बसली. ऊन तिच्या मांडीवर आलं.

"तू इथेच बसायचास?"

"हो."

"काच लावून?"

"धूळ येते ना."

"आमच्या गाडीत काचा बंद करून दिवसभर बसले, तरी माझं नाक लाल होत नाही. खाली उतरले की अर्ध्या तासात होतं," ती म्हणाली. "शास्त्रज्ञ, तुझ्या क्रीमचं काम काच करत होती."

मी हातावरच्या दोन चौकोनांकडे बघितलं. दोन्ही ठणठणीत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला घेऊन मी तसाच डॉक्टरांकडे गेलो. ते भिंगातून बराच वेळ नाक बघत राहिले. मला इतकी भीती वाटली, की मी भिंतीवरची सूचना चारदा वाचली, आणि आज त्यातला एक शब्द आठवत नाही.

"नुसतं भाजलंय. डाग नाही," डॉक्टर म्हणाले. "क्रीम लावत नव्हता का?"

"विसरले," ताई चटकन म्हणाली.

डॉक्टरांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"ती विसरली नाही," मी म्हणालो. "तिनं मी बनवलेलं लावलं." मग डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं.

पायऱ्या उतरताना ताई म्हणाली, "मला दुसऱ्याच दिवशी चुरचुरलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज दारात उभा असायचास. लहानपणी चित्र दाखवायला यायचास ना, तसा."



दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर जाऊन पुन्हा दोन चौकोन आखले. तासाभरात दोन्ही सारखेच लाल झाले. आग होणारा हात मॅडमसमोर धरला, वहीतलं ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं आणि लेबलांची छपाई थांबवायला सांगितलं. आता नव्या क्रीममध्ये जस्ताची पूड आहे. बाहेरच्या प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत ताईच्या नाकावर डॉक्टरांचंच क्रीम आहे. माझं ती फक्त हाताला चोळून बघते.

संध्याकाळी मी अजूनही दारात उभा राहतो.

"कसं वाटलं?"

"चिकट आहे," ती म्हणते. "वासही घाण येतो."

मी वही उघडतो आणि ती सांगते तसंच्या तसं लिहून घेतो.